मागचा डावा कोपरा

१

२२ जानेवारी १९७३, सोमवार. आकाश कोरडे. पहाटे थंडी, दहानंतर पूर्वेचा वारा आणि धूळ.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला गोरक्षनाथ मास्तर आपली जीप घेऊन माझ्या वर्कशॉपच्या फाटकातून आत आले आणि तेलाच्या रिकाम्या पिंपाला धडकूनच थांबले. जीप लष्कराच्या लिलावातली, माझ्या अंदाजानं वीस वर्षांची. मास्तर मूळचे काष्टीचे, नगरच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे.

"सलाम, मिस्त्री. ब्रेक कुठं हाय तेवढं सांगा. बाकी सगळं मला येतं."

"बाकी म्हंजे भोंगा," मागून उतरत त्यांच्या पत्नी चांगुणाबाई म्हणाल्या. "लई झाक वाजवत्यात."

मास्तर हसले. मग बाकावर बसून त्यांनी खिशातून नकाशा काढला आणि मांडीवर पसरला. घडीवर घडी पडून तो कापडासारखा मऊ झाला होता.

"शमुवेलराव, वीस वर्सं मी पोरांना वाळवंट शिकवतोय. मूठभर वाळू बघितलेली न्हाई. आता जायचं. संगमनेर, नाशिक, सुरत, अहमदाबाद, बाडमेर, आन् तिथनं वाळूतनं जैसलमेर. होळीच्या आत परत."

"वाळवंट बघायला एवढ्या लांब कशाला?" चांगुणाबाई म्हणाल्या. "औंदा आपल्याच आडात वाकून बघा की. आतलं बेडूकसुदिक दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलंय."

त्यांना गाडी चालवायला भरवशाचा माणूस हवा होता. मी माझ्या धाकट्या भावाचं नाव सुचवलं. कृपादान तेव्हा चौतीस वर्षांचा होता. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी बावीसचा. पाना धरायला, गिअर टाकायला, पंक्चर काढायला त्याला मीच शिकवलं. नाव मी सुचवलं, हे आधीच सांगून ठेवतो.

२

नवख्याला मी जे सांगतो तेच मास्तरांना सांगितलं. अजूनही ते मला बरोबरच वाटतं, म्हणून लिहितो.

गाडीत काय न्यायचं याची यादी आधी करू नये. काय काय मोडू शकेल याची करावी. फॅनबेल्ट, रेडिएटरचे रबरी पाइप, पॉइंट, कॉइल, कमानीचा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचा, मुख्य पाटा, त्याचे बोल्ट. स्टेपनी एक नव्हे, दोन. जॅकखाली ठेवायला जाड फळी, नाहीतर वाळूत गाडी वर न जाता जॅकच खाली जातो. चाकांखाली घालायला आणखी दोन लांब फळ्या. वाळू लागली की चाकातली हवा कमी करायची आणि पुढं पक्का रस्ता लागला की पंप मारून भरायची. आळस इथंच नडतो. जड सामान खाली आणि मागच्या चाकांच्या पुढं. उंचावर फक्त अंथरूण.

पाणी माणशी रोज पाच लिटर, पिणं आणि रांधणं मिळून. तिघांचं पंधरा. विहिरीपासून विहिरीपर्यंतचं मोठ्यात मोठं अंतर मास्तरांच्या नकाशावर तीन दिवसांचं होतं. त्याची दुप्पट धरायची, म्हणजे सहा दिवस. वीस लिटरचे पाच डबे.

"आन् आंघोळ?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"होळीला," कृपा म्हणाला.

सामान भरलं की मी गाडी सपाट फरशीवर घेतो आणि चारही चाकांशी माप धरतो. चाकाच्या मधल्या नटापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. चारही आकडे वहीत लिहितो. आकडे सारखे असतील तर गाडी सारखी बसली आहे, नसतील तर कुठली तरी कमान जास्त भार घेते आहे आणि तीच आधी मोडणार. हे मला कोणी शिकवलेलं नाही. मोडलेल्या गाड्या पाहून मी शिकलो.

या जीपचा मागचा डावा कोपरा दीड इंच वर राहायचा. मी कमान बदलली, डबे इकडचे तिकडे केले, डावीकडचा बाक पुन्हा बसवला. कोपरा खाली येईना. चॅसीच कधीतरी पिळली असावी. तीन आठवडे मी रोज माप घेत होतो आणि रोज वहीत तो एक आकडा बाकीच्या तिघांशी जुळत नव्हता. झोपेतही तो मला टोचायचा.

३

१० फेब्रुवारीला, शनिवारी, दोन दिवसांच्या सरावाला तिघं निघाले. काष्टीच्या पलीकडं भीमेचं पात्र कोरडं पडलं होतं. तिथल्या वाळूत गाडी घालून बघायची होती.

निघताना चांगुणाबाई खाली उतरल्या. कुंपणाजवळ गेल्या, नारळाएवढा एक दगड उचलून आणला आणि मागच्या डाव्या बाकावर ठेवला.

"हे काय?" मी विचारलं.

"तिघं न्हाई निघायचं, भाऊ. तीन तिघाडा. चौथा सोबतीला घ्यायचा आसतो."

"दगड?"

"म्हनायचं चौथा आन् घ्यायचा. तुमच्यात न्हाई का करत?"

आमच्यातही करतात. माझी आई करायची, आणि तिला चर्चचे पाळक रागावायचे. मी हसलो आणि फाटक उघडलं.

रविवारी उन्हं कलताना तिघं परत आले. चेहरे धुळीनं पांढरे, तिघंही खुशीत. गाडी चार वेळा रुतली होती आणि चारही वेळा निघाली होती. मी गाडी फरशीवर घेतली आणि सवयीनं माप धरलं.

चारही आकडे सारखे होते.

मी दुसऱ्यांदा धरलं. सारखेच. वाळूत धक्के खाऊन कमान बसली, असं मी स्वतःला सांगितलं. तसं होतंही. नव्या कमानी पहिल्या शंभर मैलांत बसतात.

चांगुणाबाई दगड उचलायला वाकल्या होत्या. "आधी याला उतरवते. काम झालं की चौथ्याला जा म्हनायचं आसतं."

"थांबा, वहिनी. हात लावू नका. आत्ता कुठं माप जुळलंय."

"अवो, पर तसं ठिवत न्हाईत."

"उद्या मी काढतो. राहू द्या."

त्यांनी मास्तरांकडं बघितलं. मास्तर म्हणाले, "मिस्त्री सांगतात ना, मग ऱ्हाऊ दे." त्यांनी हात मागं घेतला.

दगड माझ्या काट्यावर अडीच किलो भरला होता. अडीच किलोनं जीपचा कोपरा दीड इंच खाली येत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण चार सारखे आकडे एका ओळीत लिहिण्याचा आनंद मला झाला होता, आणि दगड मी परत होता तिथंच ठेवला. दुसऱ्या दिवशीही काढला नाही.

त्याच संध्याकाळी डब्यांत गज घालून पाणी मोजलं. दोन दिवसांचं तिघांचं तीस लिटर जायला हवं होतं. चाळीस गेलं होतं.

"सांडलं का रे?"

"थेंबभर न्हाई," कृपा म्हणाला. "वहिनी मापानं देत हुत्या."

मी वहीत लिहिलं, 'दहा लिटर गळती, डबे तपासणे.'

४

डबे तपासले. भरून, कोरड्या वर्तमानपत्रावर उभे केले. कागद कोरडेच राहिले. पाणी मात्र रोज दुपारी कमी व्हायचं. सकाळी गज घातला तर भरलेलं, चारला घातला तर एका डब्यात चार-पाच लिटर कमी. झाकण घट्ट. मी त्यावर तांबडा दोरा बांधून बघितला. दोरा सुटलेला नसायचा.

उष्णता, मी लिहिलं. मग खोडलं, कारण फेब्रुवारी होता आणि शेड सावलीत होती.

दुपारी एक ते दोन वर्कशॉप रिकामं असे. मी एका कोपऱ्यात बसून भाकरी खात असे. त्या आठवड्यात मला जीपच्या कमानीचा आवाज ऐकू यायला लागला. कोणी पायरीवर पाय देऊन उतरलं की जुनी कमान जसा उसासा टाकते, तसा. मग थोड्या वेळानं पुन्हा, चढल्यासारखा. मी उठून माप घ्यायचो. पहिल्या आवाजानंतर कोपरा दीड इंच वर असायचा. दुसऱ्यानंतर सारखा.

लोखंड तापतं, निवतं, हलतं. कमानीच्या पिना कोरड्या असल्या की आवाज येतो. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून १९ तारखेला, सोमवारी, जेवणाआधी ग्रीस लावायला मी जीपखाली शिरलो. पाठीवर पडलो होतो. मागच्या डाव्या कमानीशी हात होता. तेवढ्यात ती कमान माझ्या बोटांखाली सैल झाली आणि वर गेली.

डाव्या बाजूला चाकापलीकडं दोन पाय उभे होते. अनवाणी. टाचा माझ्याकडं. भेगांमध्ये पांढरी धूळ.

कृपा जेवणाचा डबा आणायला घरी गेला होता, तो लवकर आला असेल असं वाटलं. त्याच्या चपला कुठं गेल्या, हा विचार मनात येऊन गेला, पण पिनेचा नट हातात होता.

"कृपा, मोठा पाना दे रे."

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पाना माझ्या हातात आला. अगदी तोच, मला हवा असलेला. भर दुपारी तो इतका गार होता की माझ्या हातून छातीवर पडला.

फाटकाशी सायकलची घंटा वाजली. "दादा," कृपाची हाक आली, "रेबेकावहिनीनं कालवण धाडलंय. निवायच्या आत ये."

मी जीपखालून बाहेर आलो तेव्हा डाव्या बाजूला कोणी नव्हतं. फरशीवर ग्रीस आणि माझ्या पाठीचा घामाचा डाग, एवढंच. कृपा सायकल लावत होता. त्याच्या पायांत चपला होत्या.

  त्यानं डबा उघडला आणि म्हणाला, "तोंड का उतरलंय? मी जाणार म्हणून रडू येतंय व्हय?"

"तू नको जाऊस," मी म्हणालो.

"आता गं बया! का?"

मला कारण सांगता आलं नाही. आयुष्यभर त्याला मी कारणाशिवाय काही सांगितलेलं नव्हतं. कारण विचारायची सवय त्यानं माझ्याकडूनच घेतली होती. तो हसून भाकरी मोडायला लागला.

५

२६ फेब्रुवारी, सोमवार. स्वच्छ. वारा नाही.

निघायचं सकाळी सातला ठरलं होतं. मी साडेपाचलाच वर्कशॉप उघडलं. दगड उचलून कुंपणापाशी, जिथला होता तिथं नेऊन ठेवला. चांगुणाबाई म्हणतात तसं म्हणालोही. इकडंतिकडं बघून, हळू आवाजात. "सोबत केलीस, आता जा." सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, रविवारी उपासनेत पहिल्या बाकावर बसणारा, दगडाशी बोलत होतो.

परत येऊन माप घेतलं. चारही आकडे सारखे. दगड नव्हता, तरी सारखे.

सामान भरून झालं. पेट्रोल, पाण्याचे पाच डबे, फळ्या, दोन स्टेपन्या. तिघंजण येऊन बसल्यावर मागचा डावा कोपरा इतका खाली गेला की कमान वरच्या रबराला टेकायला आली. पहिल्याच मोठ्या खड्ड्यात पाटा तुटला असता. भार उतरवायलाच हवा होता.

भार कोणाचा आहे हे मला माहीत होतं. तिथं उभं राहून, तिघांसमोर, मला तेवढंच सांगायचं होतं. ते हसले असते. कदाचित चांगुणाबाई हसल्या नसत्या. त्या बाकाकडं बघत होत्या आणि त्यांनी पदर सावरून स्वतःला उजव्या कडेला आवरून घेतलं होतं, एसटीत समोरच्या माणसाला जागा देतात तसं.

"दगड कुठं गेला, भाऊ?"

"उतरवला. सांगून उतरवला."

त्या मला काहीतरी विचारणार होत्या, पण मास्तरांनी भोंगा वाजवला.

मी पाण्याचा एक डबा सोडला आणि खाली ठेवला.

"चार पुरतील?" कृपानं विचारलं.

"तिघांना पाच दिवस पुरून उरेल. वाटेत गावं आहेतच."

"तू म्हणतोस तर पुरंल." त्यानं गाडी सुरू केली. मग माझ्याकडं वाकून, मास्तरांना ऐकू जाऊ नये असं म्हणाला, "दादा, सगळं बरोबर हाय ना?"

"सगळं बरोबर आहे," मी म्हणालो.

जीप फाटकातून बाहेर पडली. रेबेका वाटेसाठी भाकरीचं गाठोडं द्यायला रस्त्यावर उभी होती, तिनं ते चालत्या गाडीत दिलं. परत येऊन मला म्हणाली, "अहो, तिघं म्हणाला होतात ना? मी तिघांपुरतंच बांधलं. आता चौघांना अर्धपोटी."

"चौथं कोण?"

"मला काय माहीत? मागं चांगुणाबाईंच्या समोर. पाठमोरं होतं."

६

अहमदाबादहून कृपाचं कार्ड ७ मार्चला आलं. १ तारखेचं होतं. गाडी झकास चालते आहे. मास्तर प्रत्येक नदीचं नाव सांगतात आणि एकाही नदीत पाणी नाही.

बाडमेरचं कार्ड १० तारखेला आलं, ४ तारखेचं. ते मी जसंच्या तसं उतरवतो.

'दादास सलाम. आज बाडमेरला पोहोचलो, उद्या वाळूत शिरणार. पाणी रोज कमी पडायचं. मास्तर म्हणायचे ऊन, मी म्हणायचो गळती. आता आम्ही चौघांच्या मापानं भरतो आणि चौघांच्या मापानं काढतो, मग बरोबर पुरतं. काय कारण असेल ते तू शोधून ठेव. चांगुणावहिनी चार ताटं मांडतात. आम्ही विचारत नाही. सवय झाली. काळजी नसावी. तुझा कृपा.'

चार डबे म्हणजे ऐंशी लिटर. चौघांच्या मापानं चारच दिवस. नकाशावरचं अंतर तीन दिवसांचं, आणि दुप्पट धरायची हे मीच शिकवलेलं. पाचवा डबा माझ्यासमोर फरशीवर होता. मी तो हलवून बघितला. भरलेला होता, आणि भरलेलाच राहत होता. ते गेल्यापासून त्यातलं पाणी एका बोटानंही उतरलं नव्हतं.

त्याच दुपारी मी तारऑफिसात गेलो आणि जैसलमेरच्या पोस्टमास्तरांच्या नावे तार केली. जीप पोचताच थांबवा, पाणी दुप्पट घ्या, भाऊ. खिडकीतल्या माणसानं शब्द मोजले आणि विचारलं, "दुप्पट म्हणजे नेमकं किती लिहू?"

 चौघांचं लिहा, एवढंच म्हणालो.

१४ तारखेला तार परत आली. त्या नावाचं कोणी पोहोचलेलं नव्हतं.

मी रोज एक ते दोन शेडमध्ये बसायचो. तिथं कसलाही आवाज नव्हता. तो यावा म्हणून मी बसत होतो, हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. चौथा परत आला असता तर निदान तो तिकडं नाही एवढं कळलं असतं. कुंपणापाशी दगड होता. मी एकदा तो उचलून आत आणला, काट्यावर ठेवला. अडीच किलो. परत नेऊन ठेवला.

७

मास्तर आणि चांगुणाबाई २४ मार्चला परत आले. त्यांची तार आली होती, म्हणून मी स्टेशनवर गेलो होतो. मास्तरांचे ओठ फुटले होते, त्यांना नीट बोलता येत नव्हतं. वेटिंगरूमच्या बाकावर बसून चांगुणाबाईंनीच सांगितलं.

"वाट चुकली. पाचव्या दिशी सकाळी पानी संपलं. किरपाभावजींनी गाडी हुबी केली. म्हनले, समोर गाव दिसतंय. आमाला काय बी दिसत नव्हतं, भाऊ. डबा घेतला आन् म्हनले, तुमी सावली सोडू नका, आमी दोघं जाऊन येतो."

"दोघं?"

"मी मास्तरांचा हात धरून बसले हुते," त्या म्हणाल्या. "सोडलाच न्हाई."

मी त्यांना पाणी आणून दिलं. त्यांनी पेला हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत. म्हणाल्या, "तेव्हापास्नं तीनच ताटं वाढते मी. हात जातो चौथ्याकडं, मी मागं घेते. तिसरं ताट कुनासाठी, ते इचारू नका."

मास्तर म्हणाले, "गप."

पोलिसांच्या कागदावर जे आहे ते असं. १० मार्च १९७३, शनिवार, दुपारी तीन वाजता, बाडमेर-जैसलमेर वाटेपासून अकरा मैल पश्चिमेला उंटवाल्यांना जीप सापडली. टायर शाबूत. पेट्रोल सहा गॅलन. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. पाण्याचे तीन डबे, तिन्ही रिकामे. ताडपत्रीच्या सावलीत एक पुरुष, एक स्त्री, दोघेही जिवंत. जीपपासून उत्तरेकडं दोन माणसांच्या पावलांचे ठसे, शेजारी शेजारी, एक चपलांचे, एक अनवाणी. बाराशे पावलांवर चपलांचे ठसे थांबले. अनवाणी ठसे तिथून माघारी वळून जीपपर्यंत आले होते. कृपादान उजागरे यांचा शोध ३१ मार्चपर्यंत चालला. ते सापडले नाहीत.